पदकाची कड



आमचा आजचा विषय तळहातावर मावेल एवढा आहे. या व्यासपीठावरून संतवाङ्मय, स्वराज्य, राज्यघटना असे मोठाले विषय आपण ऐकले आहेत, आणि ते ऐकावयासच हवेत. त्यांच्या पंगतीत ऐतिहासिक स्मारकपदकांचा संग्रह हा विषय थोडा अवघडून बसतो, याची आम्हांला जाणीव आहे. पदके गोळा करणे म्हणजे रिकामा वेळ आणि भरलेला खिसा असलेल्यांचा नाद, असे पुष्कळांना वाटते. एके काळी आमचेही मत याहून फारसे निराळे नव्हते. ते कसे पालटले हे सांगावयाचे तर आमच्या हातून झालेली एक चूक आधी सांगितली पाहिजे. ती चूक याच जिल्ह्यात, बपेऱ्यास घडली.

बपेरा आपणांपैकी बहुतेकांच्या पाहण्यातले गाव आहे. तुमसरहून सिहोऱ्यावरून बालाघाटकडे जाणारी सडक धरली, की बावनथडी ओलांडण्यापूर्वी महाराष्ट्राच्या हद्दीतले हे टोकाचे गाव लागते. नदीपलीकडे मध्य प्रदेश. १९८३ सालच्या उन्हाळ्यात एका सहशिक्षकाच्या घरच्या लग्नासाठी आम्ही तेथे गेलो होतो. आम्ही तेव्हा तरुण होतो. जुन्या नाण्यांचा नाद नुकताच लागला होता, आणि सुटी लागली की गावोगाव हिंडून शिवराया आणि भोसल्यांचे रुपये पाहावयाचे, असा आमचा परिपाठ होता. गुरुजींना जुन्या वस्तू कळतात अशी वार्ता लग्नघरात पसरली आणि शेजारची एक म्हातारी पदराच्या गाठीत काही तरी बांधून घेऊन आली.

“सासऱ्याचा बिल्ला हाये, गुरुजी. लढाईतून आनला होता. पाहा बरं, काई मोल हाये का याचं?”

बिल्ला तांबूस काळपट होता. एका बाजूस राजा पाचव्या जॉर्जचे बोडके डोके, दुसऱ्या बाजूस उघड्या अंगाचा घोडेस्वार आणि १९१४ व १९१८ हे दोन सन. अशी पदके आम्ही नागपुरात चांदीची पाहिली होती. ती लाखांनी निघाली हेही वाचले होते. हे तर चांदीचेसुद्धा नव्हते. तेव्हा आम्ही मोठ्या जाणतेपणाने सांगून टाकले, “आजी, असली पदके घरोघर निघतात. चांदीचे असते तर चांदीचे तरी पैसे आले असते. याला काही मोल नाही.” आजीने बिल्ला पुन्हा गाठीत बांधला. सासऱ्याचे नाव काय, ते कोठे गेले होते, हे आम्ही विचारले नाही. पदकाच्या दोन्ही बाजू पाहिल्या. कड मात्र पाहिली नाही.

पुढे पावसाळ्यात नागपूरच्या एका ग्रंथालयात या विषयावरील एक ग्रंथ हाती आला. त्यात वाचले ते असे. पहिल्या महायुद्धाचे हे पदक चांदीत सुमारे ६५ लाख निघाले, पण काशाचे पदक सुमारे १ लाख १० हजारच निघाले. चांदीचे पदक लढणाऱ्यांना मिळे. काशाचे पदक मजूर पलटणींतील माणसांना आणि इतर बिनलढाऊ लोकांना मिळे. रस्ते बांधणारे, बोटीवरून गोण्या उतरविणारे, ओझी वाहणारे, अशी ही माणसे. त्यांत भारतीय होते, चिनी होते, माल्टा बेटाचे लोकही होते. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी, की प्रत्येक पदकाच्या कडेवर त्या माणसाचा क्रमांक, नाव आणि तुकडी ठोकलेली असे.

दिवाळीच्या सुटीत आम्ही धावत बपेऱ्यास गेलो. आजी ओसरीवर धान पाखडीत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “बिल्ला त मोडीत गेला, गुरुजी. बिनबुडाचा गुंड होता, त्याच्यासंगं देऊन टाकला. तुमीच त म्हनलं होतं, काई मोल नाई म्हनून.”

निदान नाव तरी उतरून घ्यावे म्हणून आम्ही सासऱ्यांचे नाव विचारले. आजी हसल्या. “सासऱ्याचं नाव कसं घेऊ जी?” जुन्या वळणाच्या सुनेने ते उभ्या जन्मात तोंडाने उच्चारले नव्हते, आणि ऐंशीच्या घरात आल्यावर आमच्यासाठी ती रीत मोडण्याचे तिला कारण नव्हते. गावातल्या एका वृद्धाने पुढे एक हाकेचे नाव सांगितले. परंतु हाकेच्या नावावरून सरकारी दप्तरात माणूस सापडत नाही. क्रमांक गेला, तुकडी गेली. मोड भंडाऱ्यास जाते असे कळले म्हणून आम्ही भंडाऱ्यास गेलो. पितळेच्या भांड्यांसाठी हे शहर सगळीकडे प्रसिद्ध आहे, हे आपणांस सांगावयास नको. एका कारखान्यातील कारागिराने आमचे बोलणे शांतपणे ऐकून घेतले आणि भट्टीकडे बोट दाखविले. आणखी काही बोलण्याजोगे उरलेच नव्हते.

त्या दिवसापासून आम्ही पदके पाहू लागलो. आज जे सांगावयाचे आहे ते या पाहण्यातून आलेले आहे.

पदक आणि नाणे यांत भेद कोणता, असा प्रश्न सर्वप्रथम येतो. नाणे व्यवहारासाठी पाडतात, त्याला दर्शनी किंमत असते. पदकाला अशी किंमत नसते. एखादा प्रसंग, एखादी व्यक्ती किंवा एखादी कामगिरी स्मरणात राहावी एवढ्यासाठी ते पाडतात किंवा ओततात. १९६४ साली पंडित नेहरूंच्या मृत्यूनंतर आपल्या सरकारने त्यांच्या मुद्रेची नाणी काढली. ती स्मारक नाणी होत, पदके नव्हेत. बाजारात ती चालत होती. युरोपात पदकांची ही चाल इटलीत सुरू झाली. १४३८–३९ च्या सुमारास बायझंटाइन सम्राट आठवा जॉन हा फेरारा येथे धर्मसभेसाठी आला असता पिसानेल्लो नावाच्या चित्रकाराने त्याचे पदक ओतले. नव्या जगातले पहिले पदक म्हणून त्याचाच उल्लेख करतात. पुढे राजे आणि धर्मगुरू यांनी ती चाल उचलली आणि अखेर लष्करांनी ती आपलीशी केली.

आपल्याकडे शौर्याचा गौरव नव्हता असे मुळीच नाही. पण त्याच्या तऱ्हा वेगळ्या होत्या. सोन्याचे कडे, तोडा, शेला-पागोटे, घोडा, इनाम जमीन, सनद. या गौरवात देणारा आणि घेणारा समोरासमोर असत. एकाच छापाची हजारो पदके पाडून ती हुद्द्यांप्रमाणे वाटावयाची, ही पद्धत इंग्रजांबरोबर आली. आणि ती आली ती मराठ्यांशी झालेल्या पहिल्या युद्धातून, ही गोष्ट आपण ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

१७७८ साली पुण्याच्या राजकारणात हात घालण्यासाठी कलकत्त्याहून इंग्रजांनी एक फौज थेट जमिनीच्या मार्गाने पश्चिमेकडे धाडली. हिचा पहिला सेनापती लेस्ली वाटेत बुंदेलखंडात वारला आणि सूत्रे गॉडर्डकडे आली. गॉडर्ड नर्मदेवर होशंगाबादेस येऊन थांबला. नागपूरकर मुधोजी भोसल्यांनी त्यास अडविले नाही. त्यांच्याशी बोलणी करून तो बऱ्हाणपुरावरून १७७९ च्या फेब्रुवारीत सुरतेस पोचला. हे युद्ध १७८२ च्या सालबाईच्या तहाने संपले. त्यानंतर कंपनीने या मोहिमांतील हिंदी शिपायांसाठी सोन्याची आणि चांदीची पदके काढली. संग्राहक त्यास ‘दख्खन पदक’ म्हणतात. कंपनी सरकारने आपल्या हिंदी शिपायांना दिलेले हे पहिले मोहीम-पदक मानले जाते. त्याच्या एका बाजूस ढालतलवारींच्या ढिगावर बसलेली ब्रिटानिया आहे आणि ती एका किल्ल्याकडे हात पुढे करीत आहे. दुसऱ्या बाजूस फारशी मजकूर आहे. त्याचा आशय असा, की जगात जसे नाणे चालते तशी या वीरांची कीर्ती चालत राहील, कारण त्यांनी इंग्रजांचे नाव बंगालपासून दख्खनपर्यंत नेले.

यावर थोडा विचार करावा. हे पदक ज्यांच्या गळ्यात पडले ते हिंदी होते, आणि ज्यांच्याविरुद्ध ते लढले तेही हिंदी होते. होशंगाबादेस त्या फौजेला वाट मिळाली नसती तर पुढे काय झाले असते, हा प्रश्न इतिहासकार विचारीत आले आहेत. पदक त्या वाटेचा उल्लेख करीत नाही. बंगालपासून दख्खनपर्यंत एवढेच ते सांगते. मधला मुलूख आपला होता, हे आपण आपल्या पदरचे घालून वाचावयाचे. पदक वाचणे म्हणजे काय, हे येथे समजते. त्यावर जे लिहिले आहे ते वाचावे, आणि जे लिहिलेले नाही तेही.

टिपूच्या पाडावानंतरचे श्रीरंगपट्टणचे पदक याहून बोलके आहे. बर्मिंगहॅमजवळ सोहो येथे मॅथ्यू बोल्टनच्या कारखान्यात ते पाडले गेले. त्यावर ब्रिटिश सिंह वाघाला लोळवतो आहे. वाघ हे टिपूचे चिन्ह होते. खाली ४ मे १७९९ ही तारीख आहे. हेच पदक सोने, मुलाम्याची चांदी, चांदी, कासे आणि कथील अशा पाच धातूंत निघाले. सोने सेनापतींना, कथील साध्या शिपायांना. लढाई एक, चित्र एक. पण धातूवरून माणसाची पायरी ठरे. बपेऱ्याच्या आजीच्या गाठीतले कासे याच हिशोबाने आले होते, हे आम्हांला फार उशिरा उमगले.

आता आपल्या नागपूर राज्याकडे येऊ. १८०३ साली असई आणि अडगाव येथे शिंदे-भोसल्यांच्या फौजा हरल्या, गाविलगड पडला आणि देवगावचा तह झाला. १८१७ च्या २६ आणि २७ नोव्हेंबरला सीताबर्डीच्या टेकडीवर लढाई झाली आणि १६ डिसेंबरला नागपूरची लढाई झाली. आप्पासाहेब भोसल्यांचे राज्य खिळखिळे झाले. या सर्व लढायांसाठी इंग्रजांनी एक पदक काढले; पण केव्हा? तर १८५१ साली. विल्यम वायन या नामांकित कारागिराने त्याचा साचा कोरला. या पदकाच्या फितीवर ज्या त्या लढाईच्या नावाची आडवी पट्टी असे. असई, अडगाव, गाविलगड, खडकी, पुणे, सीताबर्डी, नागपूर, महिदपूर, कोरेगाव अशी आपल्या ओळखीची नावे त्या पट्ट्यांवर आहेत. एकूण पट्ट्या २१ आणि पदके सुमारे साडेचार हजार.

एवढ्या मोठाल्या युद्धांसाठी इतकी थोडी पदके का? कारण हे पदक फक्त हयात असलेल्यांनाच मिळावयाचे होते. असईच्या लढाईला तोवर ४८ वर्षे झाली होती. विशीतला शिपाई सत्तरीला टेकला होता, जर जगलाच असेल तर. त्यातही पदक हवे असल्याचा अर्ज योग्य जागी पोचावा लागे. खेड्यात परतलेल्या म्हाताऱ्या शिपायापर्यंत ही वार्ता कितपत पोचली असेल? पदकावर एक चूकही राहून गेली आहे. त्यावर १७९९ ते १८२६ असे सन आहेत; परंतु ज्या लढायांसाठी ते दिले त्यांतली पहिली १८०३ ची आहे. सरकारी पदक म्हणजे निखळ सत्य, असे मानणाऱ्यांनी हे पदक एकदा हातात घेऊन पाहावे.

आणि सीताबर्डीला जे दुसऱ्या बाजूने लढले त्यांचे काय? कामठ्याच्या चिमणा पटलाने १८१८ साली आप्पासाहेबांच्या बाजूने आपल्याच मुलखात बंड उभारले. त्याच्या माणसांसाठी पट्टी निघाली नाही. पराभूताचे पदक कोणीच काढीत नाही. म्हणून केवळ पदकांवरून इतिहास लिहिला तर तो एकाच हाताने वाजविलेल्या टाळीसारखा होईल. संग्राहकाने पदकाशेजारी नेहमी एक रिकामी जागा ठेवावी. ती समोरच्या माणसाची.

दरबारी पदकांची कथा थोडक्यात सांगतो. १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीत दरबार भरवून व्हिक्टोरिया राणीस हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर करण्यात आले. त्याचे मोठे देखणे पदक निघाले. राजेरजवाड्यांना सोन्याचे, इतरांना चांदीचे. त्यावर इंग्रजी आणि फारशी लिपींबरोबर देवनागरी अक्षरेही आहेत. त्याच दिवशी नागपुरात जमशेटजी टाटांनी आपल्या गिरणीस एम्प्रेस मिल हे नाव देऊन ती सुरू केली. त्याच वेळी दख्खनमध्ये भयंकर दुष्काळ पडला होता. पुण्याच्या सार्वजनिक सभेचे गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, त्या दरबाराला गेले ते अंगावर स्वदेशी हातकताईची जाडीभरडी वस्त्रे घालून. आमच्या मते त्या दरबाराचे खरे स्मारक ती वस्त्रे होत. पण कापड टिकत नाही, धातू टिकतो. म्हणूनच धातूचे पदक पाहताना ते कापड आठविण्याची जबाबदारी आपल्यावर येते.

आता पुन्हा महायुद्धाकडे, म्हणजे बपेऱ्याकडे. पहिल्या महायुद्धात दहा लाखांहून अधिक भारतीय समुद्रापार गेले. फ्रान्स, मेसोपोटेमिया, पूर्व आफ्रिका, इजिप्त, गॅलिपोली. त्यांत लाखो माणसे बिनलढाऊ होती. ज्या घरात लिहिणारे कोणी नव्हते तेथे पत्रे उरली नाहीत, छायाचित्रे तर निघालीच नव्हती. अशा घरात त्या माणसाच्या प्रवासाचा एकुलता एक कागद म्हणजे पदकाची कड. वर राजाचे डोके आहे, मागे परक्या देशाचा देव्हाऱ्यातला घोडेस्वार आहे; पण कडेवर, नखाएवढ्या जाडीत, आपला माणूस आहे. साऱ्या पदकावर त्याला मिळालेली जागा तेवढीच. आमच्यासारखे नवशिके नेमकी तीच पाहत नाहीत.

याच युद्धात मेलेल्यांच्या वारसांना काशाची एक मोठी चकती देण्यात आली. तिचा व्यास सुमारे १२ सेंटिमीटर. अशा तेरा लाखांहून अधिक चकत्या ओतल्या गेल्या. त्यांवर मृताचे नाव उठावाच्या अक्षरांत आहे. हुद्दा मात्र नाही. मरणात सगळे सारखे, असा त्यामागचा विचार होता. जिवंतांना कासे आणि चांदी वेगळी वाटणाऱ्या सरकारला मृतांच्या बाबतीत हे सुचले, याचे आम्हांला नवल वाटते. दुसऱ्या महायुद्धात आणखी एक गंमत झाली. इंग्रज शिपायांना मिळालेल्या पदकांवर नावे नव्हती. परंतु भारतीय शिपायांच्या पदकांवर ती कोरलेली सापडतात. तेव्हा १९३९ ते १९४५ या सनांची पदके कोणाच्या घरी असतील तर त्यांची कड अवश्य पाहावी.

चांदीच्या पदकांवर एक निराळे संकट कोसळले. १९७९–८० साली जगभर चांदीचा भाव एकाएकी चढला. एकेक तोळ्याला किंमत आली आणि पहिल्या महायुद्धाची चांदीची पदके देशोदेशी सोनारांच्या मुशीत गेली. इंग्लंडातही गेली, येथेही गेली. आज एखाद्या घरी काशाचे विजयपदक तेवढे असते आणि त्याचा चांदीचा जोडीदार नसतो. त्याचे हे एक मोठे कारण आहे. विकणाऱ्यांना आम्ही दोष देत नाही. घरात आजारपण असते, मुलीचे लग्न असते. पोटापुढे इतिहास थांबतो, आणि थांबावाही. परंतु विकण्यापूर्वी कड वाचून कागदावर उतरून ठेवावयास काहीच खर्च येत नव्हता. ते सांगणारे कोणी नव्हते. बपेऱ्यात तर सांगणारा होता आणि त्याने उलटेच सांगितले.

येथे एक आक्षेप येतो, आणि तो खरा आहे. कोणी विचारील, परक्या राजाचा मुखवटा आम्ही कशासाठी जपावा? ज्या पदकांनी आपल्याच माणसांविरुद्ध लढल्याचे बक्षीस दिले ती देव्हाऱ्यात ठेवावयाची काय? १९४२ च्या ऑगस्टात तुमसरात गोळीबार झाला. १६ ऑगस्टला आष्टीत आणि चिमुरात लोक मेले. त्यांच्या छातीवर कोणते पदक होते? हा प्रश्न एका सभेत एका वृद्ध स्वातंत्र्यसैनिकांनी आम्हांला रागाने विचारला होता. आम्ही त्यांना एकदम उत्तर देऊ शकलो नाही. आज देण्याचा यत्न करतो.

पदक जपणे म्हणजे त्यावरील राजाला मुजरा करणे नव्हे. न्यायालयातील कागद जपतो तेव्हा आपण आरोपीचा आदर करीत नसतो. पुरावा राखीत असतो. सीताबर्डीची पट्टी ही आपले राज्य कसे गेले याची पावती आहे. पावती फाडली म्हणून देणे फिटत नाही. आणि महायुद्धाच्या काशावरचा माणूस हा कोणाचा शत्रू होता? तो पोटासाठी गेला, ओझी वाहिली, परत आला आणि धान रोवू लागला. त्याचे नाव राजाच्या पदकाशिवाय दुसऱ्या कोणी लिहून ठेवले नाही, हा त्याचा अपराध नाही. त्या वेळी लिहू शकणाऱ्या आपल्या पूर्वजांचे ते अपुरेपण होय.

यापुढची गोष्ट अशी, की स्वतंत्र भारताचीही पदके आहेत आणि तीही तितक्याच सहज नाहीशी होत आहेत. १९४७ च्या स्वातंत्र्याचे पदक लष्करातील लोकांना देण्यात आले. ते १९४८ साली मंजूर झाले. त्याच्या एका बाजूस अशोकाचे सिंह आणि १५ ऑगस्ट १९४७ ही तारीख आहे. दुसऱ्या बाजूस अशोकचक्र आहे, आणि त्या चक्राच्या माथ्यावर ब्रिटिश राजमुकुट आहे! कारण २६ जानेवारी १९५० पर्यंत आपण वसाहतीच्या दर्जाचे स्वराज्य होतो. राज्यघटनेच्या इतिहासातील हे प्रकरण विद्यार्थ्यांना समजावून देताना आम्हांला नेहमी दमछाक होई. हे पदक त्यांच्या हातात दिले, की एका क्षणात समजे. चक्रावर मुकुट, आणि फीत मात्र केशरी, पांढरी, हिरवी. तो अडीच वर्षांचा काळ एवढ्या थोडक्यात दाखविणारी दुसरी वस्तू आमच्या पाहण्यात नाही.

१९७२ साली स्वातंत्र्याच्या पंचविशीनिमित्त स्वातंत्र्यसैनिकांना ताम्रपट देण्यात आले. ताम्रपट म्हणजे पदक नव्हे, पण त्याचा सख्खा भाऊ होय. तो मिळाला तो मुख्यतः हयात असलेल्यांना; १८५१ च्या पदकाप्रमाणेच येथेही काळाने निवड केली होती. आज ते स्वातंत्र्यसैनिकही बहुतेक राहिले नाहीत. घरे बदलली, वाटण्या झाल्या, मुले शहरांत गेली. ताम्रपट तांब्याचा असतो आणि तांब्याला मोडीत भाव आहे. ज्या वृद्ध गृहस्थांनी आम्हांला रागाने प्रश्न विचारला होता त्यांच्या घरी त्यांच्या पश्चात आम्ही गेलो. ताम्रपट कोठे आहे हे मुलांना सांगता आले नाही. इंग्रजांचे कासे आणि स्वराज्याचे तांबे, भट्टीला दोन्ही सारखीच.

म्हणून संग्रह. परंतु संग्रह कसा करावा, याबद्दल अनुभवाचे चार शब्द सांगतो. पहिली गोष्ट, पदक घासू नये. आपल्या घरी पितळेच्या भांड्यांना चिंच आणि राख लावून लखलखीत करण्याची सवय असते. तोच हात पदकावर फिरला की कडेवरची अक्षरे झिजतात. कोरड्या सुती कापडात गुंडाळावे, प्रत्येक पदक वेगळे ठेवावे. दुसरी गोष्ट, फीत जुनी, मळलेली असली तरी काढून टाकू नये. तिचे रंगही साक्ष देतात. तिसरी गोष्ट, कड वाचावी ती तिरप्या उजेडात, भिंगाखाली. अक्षरे अंधुक असतील तर पातळ कागद ठेवून वर शिसपेन्सिल हलके फिरवावी, नाव उमटते. आता तर प्रत्येकाच्या खिशात छायाचित्र घेणारा दूरध्वनी आहे, तेव्हा सबब उरलेली नाही.

चौथी गोष्ट नकली मालाची. टांकसाळीत पाडलेल्या पदकाची अक्षरे धारदार असतात. साच्यात ओतलेल्या नकलेची अक्षरे साबण लावल्यासारखी गुळगुळीत असतात आणि कडेवर जोडाची रेघ दिसते. याहून वाईट म्हणजे खऱ्या पदकाचे नाव कानशीने घासून दुसरे नाव ठोकणे. गाजलेल्या पलटणीचे नाव असले की किंमत वाढते, म्हणून कोणा अनामिकाचे नाव पुसतात. वजन काट्यावर पाहावे, कडेचा गोलावा बोटाने तपासावा. घासलेली जागा खोलगट लागते. आमच्या मते ही लबाडी खिसेकापूपणाहून वाईट आहे. खिसेकापू पैसे नेतो. हा माणूस नेतो.

पाचवी गोष्ट कायद्याची. १९७२ च्या पुरावस्तूविषयक कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू खासगी व्यक्तीस देशाबाहेर पाठविता येत नाही. पहिल्या महायुद्धाच्या पदकांनीही आता शंभरी ओलांडली आहे. तसेच नांगराला किंवा पाया खणताना जमिनीत काही सापडले, तर १८७८ च्या निखात निधीच्या कायद्याप्रमाणे ते जिल्हाधिकाऱ्यांना कळविले पाहिजे. घरातले पदक घरात ठेवण्यास कोणाची मनाई नाही. ज्यांना ते सांभाळणे जमत नसेल त्यांच्यासाठी नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे आपला १८६३ सालचा अजब बंगला, जवळच आहे. नाण्यांचा अभ्यास करावयाचा असेल तर नाशिकजवळ अंजनेरी येथे त्यासाठी संस्था आहे.

शेवटची गोष्ट आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटते. पदक विकत घेऊन आपल्या पेटीत घालणे हाच संग्रहाचा एक मार्ग नव्हे. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडले आणि वाण्याच्या दुकानात पुड्या बांधण्यास जाणारी दप्तरे त्यांनी वाचविली. त्यांच्या जोडीला उभे राहण्याची आमची योग्यता नाही. पण त्यांच्यापासून एवढे घेता येते, की वस्तू ज्या घरची आहे त्या घरी राहिली आणि तिची नक्कल सर्वांना मिळाली तरी इतिहासाचे काम होते. बाजारात गेलेले पदक आपल्या गावापासून तुटते. लिलावाच्या यादीत त्याचा धातू, वजन, किंमत येते. ते बपेऱ्याचे होते की तुमसरचे, हे तेथे कोणी लिहीत नाही. आम्ही गेल्या कित्येक वर्षांत पदके फार थोडी घेतली. कडा मात्र पुष्कळ वाचल्या आणि वहीत उतरविल्या: क्रमांक, नाव, तुकडी, गाव आणि घरच्यांनी सांगितलेल्या दोन ओळी.

तेव्हा श्रोत्यांना आमची विनंती आहे. उद्या सकाळी आठ वाजल्यापासून आम्ही याच सभागृहाच्या ओसरीवर बसणार आहोत. आपल्या घरी, आजोळी, सासरी, देवघराच्या कोनाड्यात, आजीच्या ट्रंकेत काही बिल्ला, पदक, चकती, ताम्रपट असेल तर घेऊन यावे. आम्ही ते विकत मागणार नाही आणि किंमतही सांगणार नाही. तो धडा आम्ही एकदा शिकलो आहोत. आपल्या देखत कड वाचू, वहीत लिहू आणि वस्तू आपल्या हाती परत देऊ. ज्यांना शक्य आहे त्यांनी घरातल्या वृद्ध माणसालाही बरोबर आणावे. कडेवर नाव असते. तो माणूस परत आल्यावर काय बोलत असे, हे कडेवर नसते.

त्या वहीचे पहिले पान आपण पाहालच. त्यावर क्रमांकाची जागा कोरी आहे, नावाची कोरी आहे, तुकडीची कोरी आहे. गावाच्या रकान्यात तेवढे बपेरा असे लिहिलेले आहे. ते पान भरण्याची आशा आता उरली नाही. पुढची पाने मात्र पुष्कळ शिल्लक आहेत.